मते वाढली, जागा गेली: विद्यमान आमदारांच्या जय-पराजयाचा वऱ्हाडातून आढावा

तिवसा विधानसभा मतदारसंघात 2024 साली विद्यमान आमदार यशोमती ठाकूर यांना 92,047 मते पडली. 2019 मध्ये त्या 76,218 मतांवर निवडून आल्या होत्या. पाच वर्षांत पावणेसोळा हजारांच्या वर मते वाढवूनही त्या 7,617 मतांनी पडल्या. समोरचे उमेदवार तेच होते. राजेश वानखडे 2019 मध्ये शिवसेनेकडून लढून 65,857 मतांवर थांबले होते. 2024 मध्ये भाजपकडून उभे राहून त्यांनी 99,664 मते घेतली. पराभवानंतर निघणारा पहिला अर्थ, म्हणजे लोक आमदारावर नाराज होते, तो या आकड्यांना पुरता लागू पडत नाही. ज्या आमदाराला आधीपेक्षा जास्त लोकांनी मत दिले, तो नाराजीमुळे पडला असे म्हणताना थोडे अडखळायला होते.

विद्यमान आमदाराच्या जय-पराजयाबद्दल दोन समजुती शेजारी शेजारी नांदतात. एक अशी की खुर्चीवर बसलेल्याला हलवणे अवघड, कारण निधी, अधिकारी, कार्यकर्ते आणि नाव हे सगळे त्याच्या हाती असते. दुसरी अशी की मतदार पाच वर्षांत कंटाळतो आणि चेहरा बदलतो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाला पहिली समजूत लागू पडते. तिथे पुन्हा उभे राहणाऱ्यांपैकी साधारण नव्वद टक्के किंवा अधिक सदस्य निवडून येतात, आणि सदस्यांचे सगळे वागणे पुढच्या निवडणुकीच्या हिशेबाने कसे चालते हे डेव्हिड मेह्यू यांनी 1974 मध्येच मांडले. भारतात चित्र उलटे दिसते. ली लिंडन यांनी लोकसभा निवडणुकांचा अभ्यास करून दाखवले की 1991 पूर्वी विद्यमान खासदाराला पदाचा फायदा होता, नंतर त्याचा तोटा होऊ लागला. योगेश उप्पल यांनी राज्य विधानसभांबाबत असाच निष्कर्ष काढला. सार्वजनिक सोयी तुटपुंज्या आणि गरिबी जास्त असलेल्या राज्यांत हा तोटा अधिक, असेही त्यांना आढळले.

या अभ्यासांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या फरकाने जिंकलेला आमदार पुन्हा जिंकला, तर ते पदामुळे की तो मुळातच लोकप्रिय होता म्हणून, हे सांगता येत नाही. म्हणून काठावर जिंकलेले आणि काठावर हरलेले उमेदवार घेऊन पुढच्या निवडणुकीत दोघांचे काय झाले ते पाहिले जाते. दोघांची मूळ ताकद जवळपास सारखी असल्याने उरलेला फरक पदाच्या खात्यावर टाकता येतो. मात्र या पद्धतीत वर्षानुवर्षे लाखाच्या फरकाने येणारे बाजूला राहतात आणि पक्षाने ज्यांचे तिकीटच कापले तेही मोजणीबाहेर जातात.

वऱ्हाडातला 2024 चा हिशेब मांडला तर दोन शेजारी जिल्ह्यांत दोन वेगळी उत्तरे मिळतात. अमरावती जिल्ह्यातल्या आठ जागांपैकी सात ठिकाणी विद्यमान आमदार पुन्हा उभे होते. तिवस्यात यशोमती ठाकूर, अचलपुरात बच्चू कडू, मेळघाटात राजकुमार पटेल आणि मोर्शीत देवेंद्र भुयार पडले. बडनेऱ्यात रवी राणा, अमरावतीत सुलभा खोडके आणि धामणगाव रेल्वेत प्रताप अडसड निवडून आले. आठव्या दर्यापुरातले बळवंत वानखडे त्याच वर्षी लोकसभेवर गेले होते. अकोला जिल्ह्यात पाच जागा. अकोला पश्चिमचे गोवर्धन शर्मा, सहा वेळा निवडून आलेले, नोव्हेंबर 2023 मध्ये निवर्तले होते. बाकी चौघे, अकोटचे प्रकाश भारसाकळे, बाळापूरचे नितीन देशमुख, अकोला पूर्वचे रणधीर सावरकर आणि मूर्तिजापूरचे हरीश पिंपळे, सगळे परत आले. अमरावतीत सातांपैकी चार पडले, अकोल्यात चारांपैकी एकही नाही. दोन्हीकडे तीच कपाशी, तेच सोयाबीन, तेच सरकार आणि तीच लाडकी बहीण योजना. अकोल्याचा आमदार अमरावतीच्या आमदारापेक्षा जास्त काम करतो, असे कोणी म्हणत नाही. मग फरक कशाचा?

पहिले आणि सर्वांत वजनदार उत्तर समोरच्या फळीच्या आकारात आहे. अकोला जिल्ह्यात वंचित बहुजन आघाडी, आणि त्याआधी भारिप-बहुजन महासंघ, हा तिसरा खांब कायम उभा राहिला आहे. भाजपविरोधी मत काँग्रेस आघाडी आणि वंचित यांच्यात वाटले जाते आणि भाजपचा आमदार सुखाने बसतो. मूर्तिजापुरात पिंपळे 2019 मध्ये वंचितच्या उमेदवारापुढे दोन हजारांच्या आतच्या फरकाने वाचले होते. बाळापुरात नितीन देशमुख यांची लढत दोन्ही वेळा वंचितशीच झाली. अकोला पूर्वमध्ये सावरकर 2014 साली भारिपचे विद्यमान आमदार हरिदास भदे यांच्यावर अडीच हजारांच्या आतल्या फरकाने जिंकले. 2019 मध्ये तोच फरक चोवीस हजारांच्या पुढे गेला. पदाचा फायदा म्हणतात तो इथे दिसतो खरा. पण तोही वाटलेल्या मैदानातच.

तिवस्याचा इतिहासही याच अंगाने वाचता येतो. 2004 मध्ये येथून भाजपचे साहेबराव तट्टे आमदार झाले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर 2009 मध्ये यशोमती ठाकूर निवडून आल्या. त्यांचे वडील भैयासाहेब ठाकूर हेही आमदार होते. 2014 मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटून चार पक्ष स्वतंत्र लढले. राज्यभर भाजपची लाट असूनही ठाकूर यांनी भाजपच्या निवेदिता चौधरी यांना सुमारे वीस हजारांनी मागे टाकले, कारण विरोधी मत भाजप आणि शिवसेनेत फाटले होते. 2019 मध्ये युती झाली, जागा शिवसेनेला गेली आणि फरक निम्म्यावर, 10,361 वर आला. 2024 मध्ये भाजपने जागा स्वतःकडे घेतली, उमेदवार पूर्वी शिवसेनेतून लढलेला घेतला आणि दोन्हींचे मत एका चिन्हाखाली आणले. 2014 पासून विरोधक एक एक पायरी जवळ येत होते आणि फरक एक एक पायरी उतरत होता. तीन निवडणुकांचे आकडे ओळीने ठेवले तर 2024 चा निकाल धक्कादायक वाटत नाही.

गावोगावच्या कामाचा, संपर्काचा किंवा घराण्याच्या नावाचा यात काही वाटा नव्हता असे नाही. ठाकूर यांची वाढलेली पावणेसोळा हजार मते त्याच वाट्याची असू शकतात. पण राजेश वानखडे यांची वाढ 33,807 मतांची होती, म्हणजे दुपटीहून अधिक. आमदाराचे काम त्याची स्वतःची मते टिकवते आणि थोडी वाढवते. समोरची मते फोडणे त्याच्या हातात क्वचितच असते. विदर्भातले मुरलेले कार्यकर्ते म्हणूनच विकासकामांच्या यादीआधी तिसरा उमेदवार कोण, बंडखोर कोण आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी कोण बसला, हे विचारतात.

दुसरे उत्तर वाऱ्याचे. लोकसभा 2024 मध्ये विदर्भातल्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. अमरावतीत बळवंत वानखडे यांनी नवनीत राणा यांना 19,731 मतांनी हरवले. दलित, मुस्लिम आणि कुणबी मत एकत्र आले की विदर्भात काँग्रेस उभी राहते, हे गणित तेव्हा चर्चेत होते. पुढच्या पाच महिन्यांत वारा उलटा फिरला. जूनच्या शेवटी अर्थसंकल्पात जाहीर झालेली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना महिन्याला 1,500 रुपये थेट खात्यात टाकू लागली. राज्यातले मतदान 2019 च्या सुमारे 61 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेले. महायुतीने 288 पैकी 230 जागा घेतल्या, काँग्रेस 16 वर आली. संगमनेरात 1985 पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात पडले, कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले. एवढा वारा सुटला की वैयक्तिक पुण्याई किती, हा प्रश्न दुय्यम होतो. निकालानंतर विरोधी पक्षांनी मतदारयाद्यांतल्या वाढीवर आक्षेप घेतले आणि निवडणूक आयोगाने ते फेटाळले.

थेट रोख देणाऱ्या योजनेने आमदाराच्या भूमिकेलाही धक्का दिला आहे. पूर्वी निराधार योजनेचा अर्ज, घरकुलाची यादी, शिधापत्रिका अशी कामे आमदाराच्या कार्यालयातून किंवा त्याच्या माणसामार्फत पुढे सरकत. पैसा सरळ बँक खात्यात जमा झाला की श्रेय मुख्यमंत्र्याच्या छायाचित्राला जाते. सत्ताधारी आमदाराला ते आयते मिळते. विरोधी आमदाराकडे मात्र तेवढ्या वजनाचे द्यायला काही उरत नाही.

निधीच्या बाबतीतही हेच. महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी 2022 पासून वर्षाला पाच कोटी रुपये आहे. तो सर्वांना सारखा मिळतो. सभामंडप, पांदण रस्ते, स्मशानभूमीचे शेड, चौकातला हायमास्ट दिवा ही कामे त्यातून होतात, आणि कोनशिलेवर नाव येते. पण मोठे रस्ते, सिंचन, पुरवणी मागण्यांतून येणारी कामे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असतात. जून 2022 मध्ये सरकार बदलल्यावर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली आणि वाद न्यायालयात गेला. अडीच वर्षे महिला व बालविकास मंत्री आणि अमरावतीच्या पालकमंत्री असलेल्या यशोमती ठाकूर यांना पुढची अडीच वर्षे विरोधी बाकावर काढावी लागली. मतदाराला मात्र निवडणुकीच्या आधीचे शेवटचे वर्षच जास्त आठवते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. अमरावती जिल्हा परिषदेची आणि महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली; आरक्षण आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. विधानसभेच्या वेळी जिल्हा परिषद सदस्य नाही, सभापती नाही, नगरसेवक नाही. शाळेची गळकी खोली, बंद हातपंप, आरोग्य केंद्रात न येणारा डॉक्टर या साऱ्या तक्रारींना उरलेले एकच दार आमदाराचे. अधिकार सगळे प्रशासकाकडे, बोलणी खायला आमदार. शिवाय गावपातळीवरची जी फळी निवडणुकीत बूथ सांभाळते, ती पदावाचून सैल पडली. त्याचा फटका सत्तेबाहेरच्या आमदाराला अधिक बसतो, कारण सत्ताधाऱ्याकडे कार्यकर्त्याला गुंतवून ठेवण्याचे दुसरे मार्ग असतात.

पक्षांतरबंदी कायदाही इथे आडून काम करतो. 1985 साली दहावी अनुसूची आल्यापासून सभागृहात आमदाराला व्हिपप्रमाणे मत द्यावे लागते. कायदा कोणता झाला, त्यावर आमदाराने काय भूमिका घेतली, यावरून त्याला तोलण्याची सोय मतदाराकडे नाही. म्हणून तोलण्याची मापे दुसरी ठरली: फोन उचलतो का, लग्नाला येतो का, तेरवीला येऊन बसतो का, तहसीलदाराला दम देतो का. या मापांत विदर्भातला आमदार वर्षभर तोलला जातो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षासारख्या छोट्या पक्षातून अकरा वेळा निवडून आले, ते बऱ्याच अंशी याच संपर्कावर. तेही 1972 आणि 1995 मध्ये पडले होते.

मंत्रिपदाने हा संपर्क तुटतो. मुंबईतला मुक्काम वाढतो, भेटायला स्वीय सहायकाची चाळणी लागते. मोर्शीचे अनिल बोंडे 2009 मध्ये अपक्ष आणि 2014 मध्ये भाजपकडून निवडून आले, जून 2019 मध्ये कृषिमंत्री झाले आणि चारच महिन्यांनी स्वाभिमानीच्या देवेंद्र भुयार यांच्याकडून हरले. संत्र्याच्या पट्ट्यात कृषिमंत्री पडावा, यातला बोचरेपणा तेव्हा कोणाच्या नजरेतून सुटला नाही. त्याच निवडणुकीत परळीत पंकजा मुंडे आणि कर्जत-जामखेडमध्ये राम शिंदे हे मंत्रीही पडले.

शेतमालाचा भाव हे वऱ्हाडात प्रत्येक निवडणुकीचे कारण म्हणून सांगितले जाते, पण तो कोणाला पाडतो हे सरळ नाही. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये असताना बाजार समित्यांत भाव त्याच्या बराच खाली होता. संताप होता आणि प्रचारात तो गाजलाही. तरी सोयाबीनच्या पट्ट्यात सत्ताधाऱ्यांच्याच जागा वाढल्या. लोकसभेत हाच राग सत्ताधाऱ्यांच्या विरोधात गेला होता. भाव पडल्याचा दोष मतदार ज्याला देतो तो दर वेळी आमदार असेलच असे नाही, आणि भावाचा मुद्दा जातीच्या, धर्माच्या किंवा योजनेच्या मुद्द्यावर मात करेलच असेही नाही.

छोट्या पक्षांच्या आणि अपक्ष आमदारांचा प्रकार वेगळा, आणि त्याचे दोन उत्तम नमुने अमरावती जिल्ह्यातच आहेत. बच्चू कडू अचलपुरातून 2004 पासून सलग चार वेळा आले. अपंगांसाठीची आंदोलने आणि अधिकाऱ्यांशी थेट भिडण्याची शैली यांवर त्यांनी स्वतःची मते बांधली. महाविकास आघाडीत राज्यमंत्री, 2022 मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडात त्यांच्यासोबत गुवाहाटी आणि 2024 मध्ये दोन्ही आघाड्यांबाहेर तिसरी आघाडी, असा त्यांचा प्रवास झाला. अचलपुरात भाजपचे प्रवीण तायडे जिंकले. रवी राणा बडनेऱ्यातून 2009 पासून येतात. त्यांचाही पक्ष स्वतःचाच. पण 2019 मध्ये काँग्रेस आघाडीचा आणि 2024 मध्ये महायुतीचा पाठिंबा त्यांनी पदरात पाडून घेतला आणि शेवटच्या खेपेस फरक 66,974 मतांचा होता. स्वतःची पक्की मते दोघांकडेही होती. एक मोठ्या तंबूच्या आत उभा राहिला, दुसरा बाहेर. जिथे दोन मोठ्या आघाड्या आपापले उमेदवार पूर्ण ताकदीने लढवतात, तिथे पंचवीस-तीस टक्क्यांची वैयक्तिक मतपेढी पुरत नाही.

पक्ष बदलणाऱ्याचे नशीबही तंबूवरच ठरते. शिंदे यांच्यासोबत गेलेल्या शिवसेना आमदारांपैकी बहुतेक 2024 मध्ये परत आले, कारण जागावाटपात त्यांच्या जागा त्यांच्याकडेच राहिल्या. अमरावतीच्या सुलभा खोडके काँग्रेसमधून राष्ट्रवादीत आल्या आणि थोडक्या मतांनी टिकल्या. उलट मोर्शीत भुयार राष्ट्रवादीकडून उभे असताना भाजपनेही उमेदवार दिला. ‘मैत्रीपूर्ण लढत’ या नावाखाली मित्रपक्षानेच त्यांची जागा घेतली. मेळघाटात राजकुमार पटेल तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि भाजपचे केवलराम काळे लाखाहून अधिक फरकाने आले. काळे हेच 2009 मध्ये काँग्रेसचे आमदार होते. मेळघाटने 2009 पासून प्रत्येक निवडणुकीत आमदार बदलला आहे, दर्यापूरनेही. अशा ठिकाणी विद्यमान असणे हाच तोटा म्हणावा लागतो. दोन्ही जागा राखीव आहेत, आणि राखीव जागांवर तिकिटाच्या दोऱ्या बहुधा जिल्ह्यातल्या बिगरराखीव नेत्यांच्या हाती असतात. उमेदवाराला स्वतःचे बस्तान बसवायला अवधी मिळत नाही.

तिकीटच न मिळणे हा पराभवाचा न मोजला जाणारा प्रकार. अमरावतीत सुनील देशमुख 1999 आणि 2004 मध्ये काँग्रेसकडून निवडून आले. 2009 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांचे पुत्र रावसाहेब शेखावत यांना उमेदवारी मिळाली. देशमुखांनी बंड केले आणि ते पडले. 2014 मध्ये भाजपकडून त्यांनी शेखावतांनाच हरवले, 2019 मध्ये हरले, पुन्हा काँग्रेसमध्ये येऊन 2024 मध्येही हरले. बाळापुरात बळिराम सिरस्कार दोनदा निवडून येऊनही 2019 मध्ये वंचितची उमेदवारी दुसऱ्याला गेली आणि जागाही गेली. पक्ष कमकुवत आमदारांना आधीच गाळतात, त्यामुळे पुन्हा निवडून येणाऱ्यांची टक्केवारी असते त्याहून बरी दिसते.

नकाशा बदलणे हा त्याहून न दिसणारा. 2008 च्या पुनर्रचनेत वलगाव मतदारसंघ गेला आणि तिथून 1995 पासून तीनदा निवडून आलेले शिवसेनेचे संजय बंड बेघर झाले. 2014 मध्ये ते बडनेऱ्यातून लढले आणि राणांकडून हरले. बोरगाव मंजू गेल्यावर हरिदास भदे अकोला पूर्वमध्ये आले आणि 2009 ला टिकले. दर्यापूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाले, तेव्हा तिथले जुने आमदार प्रकाश भारसाकळे यांना पुढे अकोट गाठावे लागले, आणि तिथे त्यांनी 2014 पासून तीन निवडणुका सलग काढल्या. तिवसा मतदारसंघातही तालुक्यासोबत मोर्शी आणि अमरावती तालुक्यांतली गावे जोडली गेली. मोझरी किंवा कौंडण्यपूरच्या मतदाराला ओळखणारा नेता वलगावकडच्या गावांना नवा असू शकतो.

पुढची पुनर्रचना आणि 2023 ची 106 वी घटनादुरुस्ती यांनी ही अनिश्चितता आणखी वाढणार आहे. त्या दुरुस्तीप्रमाणे विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव होतील आणि प्रत्येक नव्या पुनर्रचनेनंतर त्या फिरतील. ज्याची जागा राखीव झाली त्या पुरुष आमदाराला घरातली उमेदवार शोधावी लागेल किंवा शेजारच्या मतदारसंघात जावे लागेल. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद सदस्यांना सोडतीच्या दिवशी ही धावपळ अंगवळणी पडली आहे. राखीव जागेवर आलेल्या महिलांचे आरक्षण उठल्यावर काय होते, याचा अभ्यास मुंबई महापालिकेच्या 1997 आणि 2002 च्या निवडणुकांवर रिखिल भवनानी यांनी केला. आधी राखीव असलेला प्रभाग खुला झाल्यावर तिथे महिला निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागापेक्षा सुमारे पाचपट असल्याचे त्यांना आढळले.